बाईंचा हात बेंबीखालीच थांबला

मित्रांनो, मी सोनोग्राफीची जुनी मशीन. तुमच्यापैकी कितीतरी जण जन्माआधी माझ्याच एखाद्या बहिणीला दिसले असतील, तेव्हा आपली ओळख तशी जुनीच म्हणायची. माझा पडदा आता कडेने पिवळा पडला आहे, एक चाक अडतं आणि खाऱ्या हवेने माझे स्क्रू गंजले आहेत. नजर मात्र अजून शाबूत आहे. तीच माझ्या जिवाला घोर लावते.

कारखान्यातून खोक्यात बसून मी रेवदंड्याला आले, तेव्हा माझा थाट काय वर्णावा! जुन्या डॉक्टरांनी मला हार घातला, नारळ फोडला. दसऱ्याला अजूनही झेंडूचा हार मिळतो. उरलेलं वर्षभर लोक माझ्यावर बाजाराच्या पिशव्या ठेवतात, कधीकधी सुक्या बोंबलांच्यासुद्धा.

माझं काम सोपं आहे. पोटावर गार जेली लावायची, माझी मुठीएवढी दांडी त्यावर फिरवायची, की आतलं चित्र पडद्यावर उमटतं. मुलगा की मुलगी हे सांगायला कायद्याने बंदी आहे. तशी पाटीच माझ्या डोक्यावर लावली आहे. बाकीचं सांगायला बंदी नाही, पण मला तोंडच दिलेलं नाही.

मला जनी चांगली आठवते. ती खाडीपलीकडच्या गावातून आली होती, सोबत दोन मुली. थोरली प्रणाली आईच्या चपला हातात धरून दाराशी उभी होती आणि धाकटी किशोरी माझ्या चाकाशी खेळत होती. जनीच्या गर्भाशयात, म्हणजे बाळ वाढतं त्या पिशवीत, गाठीच गाठी होत्या. एवढ्या तरुण बाईच्या पोटात एवढ्या गाठी मी तोवर पाहिल्या नव्हत्या. तिच्या दंडावरही बारीक लालसर गाठींचा पुंजका होता. थंडीत तो ठणकतो, असं ती म्हणाली. ऑपरेशन करून तिची पिशवी काढली. काही वर्षांनी ती कंबर धरून पुन्हा आली, तेव्हा गाठ मूत्रपिंडात होती. जुन्या डॉक्टरांनी चष्मा काढून नुसताच पुसला आणि तिला मुंबईला पाठवलं. तिथेच ती गेली.

पुढे जुने डॉक्टर थकले आणि दवाखाना मृणालबाईंनी घेतला. बाई हुशार, प्रेमळ. पण जनीला त्यांनी पाहिलेलंच नव्हतं. तिच्या दुखण्याची खरी हकीकत आता मला ठाऊक होती आणि तिच्या मुलींना.

एके दिवशी माझ्या टेबलावर एक नवी सून येऊन निजली. अंगावरून फार जातं, म्हणून सासूने आणलं होतं. झगमगत्या साडीखाली लांब बाह्यांचं पोलकं होतं. बाही जरा वर सरकली आणि मला दंडावरच्या लालसर गाठी दिसल्या. मी लगेच ओळखलं. ही चपला धरून उभी असलेली प्रणाली! तिच्याही गर्भाशयात तशाच गाठी होत्या.

बाईंनी विचारलं, "प्रणाली, तुझ्या आईला, मावशीला असं काही होतं का?"

स्टुलावर तिची सासू गोदूबाई बसली होती. आमच्याकडे सासूसमोर माहेरचं दुखणं काढत नाहीत. माहेरची इज्जत जाते म्हणतात. त्यातून त्याच महिन्यात किशोरीचं लग्न ठरून सुपारी फुटली होती, तीही गोदूबाईच्या सख्ख्या बहिणीच्या घरात.

प्रणाली पडद्याकडे बघत म्हणाली, "न्हाय मॅडम. कोनाला काय न्हाय."

"पान्याचं हाय वो ह्ये सगलं," गोदूबाई घाईघाईने म्हणाली. "कंपनीचं पानी खाडीत येतं. आमच्या गावात कोन धड हाय?"

"पाण्याचा, हवेचा वाटा असूही शकतो, मावशी, मी नाही म्हणणार नाही," बाई म्हणाल्या. "तंबाखूचा, धुराचा, वाढलेल्या वजनाचाही असतो. बहुतेक बायकांच्या गाठी साध्याच असतात. पण काही घरांत गाठींचं बी रक्तातूनच येतं, आईबापांकडून लेकरांना. तशा घरातल्या बाईची मूत्रपिंडंही दरवर्षी नीट तपासावी लागतात. म्हणून विचारते."

प्रणालीने पुन्हा नकारार्थी मान हलवली. बाईंचा हात बेंबीखालीच थांबला. मला ओरडावंसं वाटत होतं, की बाई, जरा वर चला, बरगडीच्या खाली, कुशीत, मूत्रपिंडापाशी! माझा पंखा घरघरला, एवढंच. बाईंनी जेली पुसायला कापूस दिला.

पुढे कळलं, की घरी गेल्यावर गोदूबाईने विहिरीचं पाणी बंद केलं आणि बाटलीबंद पाण्याचे जार लावले. पाण्याला दोष देण्यात कुणाची मान खाली जात नाही, पाणी सगळ्या गावाचं असतं. रक्त मात्र एकाच घराचं. जार आले आणि सगळ्यांना वाटलं, काम झालं.

वर्ष उलटून गेल्यावर प्रणाली परत आली, ती आईसारखीच कंबर धरून. लघवीतून रक्त जात होतं. या वेळी बाईंचा हात कुशीवर गेला आणि मला ती गाठ दिसली. बंद पडावंसं वाटलं मला, पण तेही माझ्या हातात नव्हतं.

बाईंनी तोच प्रश्न पुन्हा विचारला. प्रणाली रडत म्हणाली, "व्हय मॅडम. आयला पन ह्येच झालं व्हतं."

मला वाटलं, आता गोदूबाई भडकणार. ती पदराने तोंड दाबून म्हणाली, "मला म्हायत व्हतं गो. तुज्या लग्नाआधीच कानावर आलं व्हतं. पन भनीला किशोरीचा शब्द दिलेला. मीच कसं बोलनार?"

दोघी एकमेकींपासून एकच गोष्ट लपवत होत्या, आणि मधे माझा मुका पडदा होता.

"धाकट्या बहिणीला आधी घेऊन या," बाई म्हणाल्या.

"आनू की," गोदूबाई म्हणाली. "आधी लगीन पार पडू दे."

प्रणालीला मुंबईला नेलं. तिचं पुढे काय झालं, ते मला माहीत नाही. मुंबईला गेलेल्या माणसांची खबर माझ्यापर्यंत क्वचितच येते.

गेल्या आठवड्यात एक मुलगी आली. हातात लग्नाचा हिरवा चुडा, सोबत सासू, चेहरा थेट गोदूबाईचा. माझ्या चाकाकडे बघून मुलगी किंचित हसली. किशोरी होती ती. ती प्रणालीची बहीण हे न सांगता, पोटात दुखतं एवढंच सांगून तिला आणलं होतं.

बाईंनी विचारलं, "घरात कुणाला गाठींचा त्रास?"

"कोनाला न्हाय," सासूनेच उत्तर दिलं.

बाईंचा हात बेंबीखाली फिरू लागला. गाठी होत्या, लहान लहान. मी डोळे फाडून बघत होते आणि मनात म्हणत होते, बोल बाळा, तुझ्या आईची शपथ, बोल! बाईंनी दांडी उचलली.

तेव्हा किशोरीने बाईंचं मनगट धरलं. तोंडातून शब्द न काढता तो हात तिने ओढत वर नेला आणि आपल्या कुशीवर, बरगडीखाली ठेवला. बाईंनी तिच्याकडे पाहिलं. मग स्टुलाकडे न बघता म्हणाल्या, "मावशी, तुम्ही जरा बाहेर बसा."

पुढे मला काय दिसलं, ते सांगायचा अधिकार बाईंचा आहे.

मित्रांनो, आज घरी गेलात की आईला, आजीला, आत्याला विचारा, तुम्हाला काय काय दुखणं झालं होतं? आणि डॉक्टरांनी विचारलं तर ते मोठ्याने सांगा, समोर कुणीही बसलेलं असो. किशोरीला निदान हात हलवता आला. मला तेवढंही जमत नाही. तुम्हाला तर तोंड आहे.