शनिवारचा आकडा

पिक्चर चालला की पडला, हे मला शुक्रवारी दुपारी दोनपर्यंत कळतं. त्यासाठी मुंबईच्या कोणा जाणकाराचं तोंड बघावं लागत नाही. धुळ्यात घरी असो की कामावर, मोबाइलवर तिकिटांचं ॲप उघडायचं, एकेक शो काढायचा आणि खुर्च्यांचा नकाशा बघायचा. विकलेली खुर्ची करडी, शिल्लक खुर्ची हिरवी. करड्या मोजल्या की झालं. धुळे, जळगाव, नाशिक मोजून मी आमच्या ‘शुक्रवार’ नावाच्या ग्रुपवर आकडा टाकतो. ग्रुपात दोनशे बारा माणसं आहेत. त्यातले निम्मे माझा आकडा आल्याशिवाय तिकीट काढत नाहीत.

नोकरी म्हणाल तर मी नरडाण्याच्या एमआयडीसीत, तेलाच्या कारखान्यात वजनकाट्यावर आहे. ट्रक आला, वजन घेतलं, पावती दिली. त्यामुळे आकड्याच्या बाबतीत मला थापा खपत नाहीत. आणि थापा मारणारे पुष्कळ आहेत. मोठ्या हिरोंचे चाहते एक लबाडी करतात. दहा सीटा निवडायच्या, पैसे भरायच्या पानापर्यंत जायचं आणि तिथेच थांबायचं. त्या सीटा दहा मिनिटं अडकून राहतात, नकाशावर करड्या दिसतात. बघणाऱ्याला वाटतं, काय गर्दी आहे! दहा मिनिटांनी सुटल्या की पुन्हा अडकवायच्या. मी नकाशा दोन-तीनदा, मागेपुढे वेळ ठेवून बघतो आणि असल्या खोट्या सीटा पकडून ग्रुपवर जाहीर वाभाडे काढतो. दोन जणांना तर मी ग्रुपातून हाकललंही आहे. माझी बायको शिल्पा म्हणते, “किराणा आणताना चार वस्तू विसरता, पण लोकांच्या खुर्च्या बरोबर मोजता.” तिचं चुकत नाही.

यंदा मार्चमध्ये ‘उसनी म्हस’ आला. अख्खा पिक्चर अहिराणीत. शिंदखेड्याकडचे लोटन सर म्हणून एक शिक्षक आहेत, त्यांनी सुट्ट्या-सुट्ट्यांत तीन वर्षं खपून तो काढला. आणि त्यात मुख्य काम कोणाचं, तर आमच्या कंपनीच्या गेटवर चहाची टपरी चालवणाऱ्या कलाअक्काचं.

कलाअक्का साठीची असेल. तिचं गाव गेटपासून चालत वीस मिनिटांवर. तोंड असं की ट्रकवाले तिच्यापुढे उधारीची भाषा काढत नाहीत. लोटन सर एकदा चहा प्यायला थांबले, तिने एका ड्रायव्हरला झापताना ऐकलं, आणि तिथेच म्हणाले, आजी, पिक्चरमध्ये काम कराल का? तिला वाटलं टिंगल करतोय, म्हणून तिने त्यांनाही झापलं. त्यावर सरांची खात्रीच पटली. उसनी दिलेली म्हैस परत मागायला गावभर दारोदार फिरणारी बाई, हे तिचं काम. तिने ते केलं, पण पुरा पिक्चर कधी पाहिला नाही. शूटिंगच्या वेळी कॅमेऱ्यामागच्या लहानशा पडद्यावर स्वतःला दोन-चार मिनिटं पाहिलं असेल तेवढंच. “मोबाइलवर मी बोटभर दिससू,” ती म्हणायची. “माले मोठा पडदावर देखनं शे. आनि एकटी नही, बठ्ठा गावनी संगे.”

मी म्हटलं, “अक्का, अख्ख्या गावासकट ये ना मग. पहिल्याच आठवड्यात ये.”

“येसूत ना,” ती म्हणाली.

आता आमच्याकडे ‘येसूत ना’ला, म्हणजे ‘येऊ ना’ला, काही अर्थ नसतो. लग्नाची पत्रिका दिली तरी माणूस तेच म्हणतो, नि बारशाला बोलावलं तरी तेच. मी ते ऐकलं आणि ग्लास ठेवून काट्यावर गेलो. कधी, किती जण, एवढंही विचारलं नाही. आज त्या गोष्टीचा मला स्वतःचा राग येतो.

पिक्चर धुळ्यातल्या एकाच मल्टिप्लेक्समध्ये लागला. दुपारी दीडचा एक शो, एकशे चाळीस खुर्च्यांचा लहान पडदा. जळगावच्या थिएटरवाल्यांनी कळवलं होतं की आधी धुळ्याचा आकडा बघू, मग ठरवू. मी शुक्रवारी अर्धी रजा टाकून गेलो. खरं सांगायचं तर पूर्वार्ध ओढलेला आहे, गाणं एक जास्त आहे, आणि सावकाराचं काम करणारा माणूस मिश्या सांभाळण्यातच दमलाय. पण कलाअक्का पडद्यावर आली की तुम्ही खुर्चीत सरसावून बसता. म्हैस शेजाऱ्याच्या गोठ्यात दिसते, म्हैस तिला ओळखते आणि शेजारी म्हणतो ही माझीच, तेव्हा ती काहीच बोलत नाही. ती तोंडाळ बाई गप्प बसते! माझ्या डोळ्यांत पाणी आलं, हे मी ग्रुपवरही लिहिलं.

तिकिटं खपली तेवीस.

शो सुटल्यावर मॅनेजर जगदीशभाऊंना भेटलो. इतक्या वर्षांत ओळख झाली आहे, माणूस सरळ आहे. ते म्हणाले, “प्रशील, मला वरून विचारणा होते. उद्याच्या शोला चाळीस तिकिटं खपली तर आठवडाभर ठेवतो, माझा शब्द. नाही खपली तर रविवारपासून ती वेळ हिंदी पिक्चरला जाईल.”

चाळीस म्हणजे काय मोठी गोष्ट! पण संध्याकाळी ॲप उघडलं तर शनिवारच्या नकाशावर चार खुर्च्या करड्या, बाकी सगळं हिरवंगार. आणि रिकामा नकाशा बघून कोणी तिकीट काढत नाही, हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक असणार? लोक गर्दीमागे जातात. चार दिसल्या की पाचवा म्हणतो, पडेल पिक्चर दिसतोय, राहू दे.

मग मी ते केलं. मागच्या चार रांगांतल्या दहा सीटा निवडल्या आणि पैशांच्या पानावर थांबलो. नकाशा जरा भरल्यासारखा दिसला. ग्रुपातल्या विश्वासातल्या पाच जणांना वेगळा मेसेज टाकला: आपल्या बोलीचा पिक्चर आहे, उद्या सकाळपासून प्रत्येकाने दहा-दहा अडकवा, बारा वाजता सोडून द्या. पन्नास-साठ भरलेल्या दिसल्या की लोक उरलेल्या घेतील.

शिल्पा पोळ्या लाटत होती. तिने मान वर न करता विचारलं, “हेच दुसरं कोणी केलं तर तुम्ही काय करता?”

“ते हिरोसाठी करतात. हे अहिराणीसाठी आहे.”

“असं का,” ती म्हणाली आणि पोळी तव्यावर टाकली.

पाच जणांनी आणखी पाच जणांना सांगितलं असावं. आमच्याकडे चांगल्या कामाला माणसं लगेच जमतात, अडचण मोजण्याची असते. शनिवारी सकाळी साडेदहाला नकाशा उघडला तर एकूण एक खुर्ची करडी. पहिल्या रांगेसकट! मला माहीत होतं यातल्या बहुतेक खोट्या आहेत. पण तो नकाशा बघून मला जे वाटलं ते सांगतो: आनंद झाला. अहिराणी पिक्चर असा भरलेला मी जन्मात पाहिला नव्हता. मी त्याचा फोटो काढला आणि मोठ्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, ‘उसनी म्हस, धुळे, शनिवार, हाऊसफुल्ल. — प्रशील.’ लोकांना चेव येईल, बारा वाजता सीटा सुटताच तिकिटं काढतील, असा माझा हिशेब.

बारा वाजता मी सगळ्यांना सोडा म्हटलं. ज्यांना मी सांगितलं होतं त्यांनी सोडल्या. ज्यांना मी सांगितलंच नव्हतं ते कोण, कुठले, मला कुठे माहीत होतं? ते शो सुरू होईपर्यंत अडकवत राहिले.

सव्वा वाजता मी आणि शिल्पा थिएटरात शिरलो. आत गार हवा आणि रिकाम्या खुर्च्या. दिवे मालवेपर्यंत मी दाराकडे बघत होतो. आम्हा दोघांना धरून अकरा माणसं.

मध्यंतरात जगदीशभाऊ स्वतः आत आले. संतापले होते. “सकाळपासून खिडकीवरच्या कॉम्प्युटरवरही सगळं भरलेलं. मी खूश! दोन कुटुंबांना जागा नाही म्हणून परत पाठवलं. हा काय प्रकार आहे?” मी त्यांना सांगितलं. सगळं सांगितलं. “तू?” एवढंच ते म्हणाले.

मी रविवारसाठी हातापाया पडलो. एक दिवस ठेवा म्हटलं, सकाळी नऊचा शो द्या म्हटलं. ते म्हणाले, “वर अकराचा आकडा गेला. आता माझ्या हातात नाही.” संध्याकाळी ॲपवरून पिक्चरचं नाव गेलं. जळगाववाल्यांनीही नको कळवलं. मी ग्रुपवर कबुली लिहायला घेतली, चार वेळा खोडली आणि फोन बंद करून पडून राहिलो. रविवारीही लिहिली नाही.

सोमवारी पहाटेच्या बसने नरडाण्याला उतरलो. टपरीवर पहिल्या पाळीची गर्दी होती. कलाअक्काने मला लांबूनच पाहिलं आणि हातातला चहाचा चमचा उंच केला.

“ऊना रे ऊना! याले पयले चहा द्या. याना पैसा लेवाना नही आज.” मग बाकड्यावरच्या माणसांकडे वळून म्हणाली, “मना पिक्चर हाऊसफुल्ल व्हयना. इतला हाऊसफुल्ल, का मालेज जागा भेटनी नही!”

सगळे हसले. मला काही समजेना. “म्हणजे? अक्का, तू आली होतीस?”

“ऊनू कोठे? निंघेल व्हतूत आमीन. शनवारनी सुट्टी, टपरी बंद, म्हनीसन तोच दिन धरा. आमना गावना चिंधानी आयशर गाडी सांगी ठेयेल व्हती. बाया, पोरे, म्हातारा, बठ्ठा गाडीमा बसनात. मी नवं लुगडं नेसनू. आनि आमना तेजसना मोबाइलवर तुना फोटो ऊना.” तेजस म्हणजे तिच्या भावाचा नातू, आमच्या ग्रुपात आहे, कधी एक शब्द लिहीत नाही. “तो म्हने, आजी, एकबी जागा नही. मी म्हनू, प्रशीलले फोन लाव. तो म्हने, फोन कसाले? दादाना आकडा कधी खोटा निंघस का? मंग उतरनूत खाले.”

ती हे सांगताना हसत होती. उतरावं लागल्याचं तिला जराही वाईट वाटलेलं नव्हतं. आपल्याच पिक्चरला आपल्याला जागा मिळाली नाही, याच्याएवढी मोठी गोष्ट तिच्या आयुष्यात घडली नसावी. दोन दिवस ती गावभर हेच सांगत फिरली असणार.

“आते पुढला शनवारनं आमना अडतीस तिकिट तूच काढी दे,” ती म्हणाली. “पैसा आगाऊ लेस.”

अडतीस. मी चहा बाकड्यावर ठेवला. तिला बाजूला घेतलं, टपरीच्या मागे, जिथे पाण्याचे ड्रम असतात. पुढचा शनिवार नाही, पिक्चर गेला, हे आधी सांगितलं. मग का गेला ते. खोट्या सीटा म्हणजे काय, हे तिला समजेपर्यंत मला दोनदा सांगावं लागलं, आणि दुसऱ्यांदा सांगताना ते पहिल्यापेक्षा वाईट वाटलं. मी म्हणालो, “अक्का, तुझ्यासाठीच केलं गं.” ते खरं होतं, पण मलाच ऐकवेना.

ती ओरडेल असं मला वाटत होतं. ओरडली असती तर बरं झालं असतं. ट्रकवाल्यांना झापते तसं झापलं असतं, तर मी खाली मान घालून ऐकलं असतं आणि मोकळा झालो असतो. ती ड्रमच्या झाकणावर हात ठेवून उभी राहिली.

“मंग तठे माणसे कितला व्हतात?”

“अकरा.”

“आनि जोयजे व्हतात कितला?”

“चाळीस.”

तिने डोक्यातल्या डोक्यात हिशेब केला. दिवसाला तीनशे चहा विकणारी बाई, तिला वेळ लागला नाही. माझाही शनिवारचा हिशेब तेव्हाच पुरा झाला. अकरा आणि अडतीस, एकोणपन्नास.

“आमीन गाडीमा बसेल व्हतूत रे,” ती म्हणाली.

मग ती पदराला हात पुसत टपरीत परत गेली आणि गॅस मोठा केला. मी मागोमाग गेलो. काय करायचं ते न कळून तिथेच उभा राहिलो. तेवढ्यात पॅकिंग खात्यातला रतिलाल आला. त्याने बाकड्यावर बसता बसता आवाज दिला, “काय अक्का, आयकं ते खरं शे का? हाऊसफुल्ल?”

बाकड्यावरची सगळी माणसं तिच्याकडे बघू लागली. ती पुन्हा एकदा ती गोष्ट सांगेल म्हणून त्यांची तोंडं आधीच हसायला आली होती. कलाअक्काने पातेल्यातला चहा ढवळला. माझ्याकडे बघितलं नाही.

“याले इचार,” ती म्हणाली. “आकडा तोच सांगस.”

रतिलाल माझ्याकडे वळला. मग एकेक करून सगळेच वळले.

“अकरा,” मी म्हणालो.