लाल पानांची फांदी

अहो, जरा इकडे, खाली पाहा. खुराड्याशेजारी. मी एक फुलदाणी बोलतेय. फुलदाणी म्हटल्यावर उंच मानेची नाजूक बाई शोधत असाल, तर ती मी नव्हे. मी पसरट, बुटकी, परातीची धाकटी बहीण शोभेन अशी. जपानी पद्धतीने फुलं मांडायला अशीच फुलदाणी लागते.

माझा जन्म पुण्याचा. मातीकामाच्या वर्गात अनघाने मला हाताने घडवलं. माझ्या आधीच्या दोघी भट्टीत तडकल्या होत्या, त्यामुळे मी अखंड बाहेर आले तेव्हा तिला रडूच फुटलं. लग्न होऊन ती उमरखेडला आली, तेव्हा साड्यांच्या घड्यांत बसून मीही सासरी आले.

तिचे यजमान यज्ञेश्वरराव कचेरीत कामाला होते. माणूस सज्जन, पण जीभ तिखट. अनघा माझ्या पोटात पितळी खिळ्यांचा जड ठोकळा ठेवायची, त्यावर एक फांदी आणि दोन फुलं खोचायची, मग बराच वेळ मागेपुढे होऊन बघत बसायची. "फुलवाला संपावर आहे का?" असं ते विचारायचे. ती हसायची आणि त्यातलंही एक फूल काढून टाकायची.

फांद्या आणून द्यायची हजराबी. ढाणकीच्या वाटेवरच्या वस्तीत तिचं घर, मागे कापसाचं वावर, दारात एक म्हैस. सकाळच्या एसटीने ती दूध घेऊन यायची आणि पिशवीतून कधी बाभळीची, कधी पळसाची डहाळी काढायची. "बाई, काड्या आणल्या तुमच्या," म्हणायची. वयाने ती मोठी, पण दोघींचं चांगलं मेतकूट जमलं होतं. नव्यानेच सासरी आलेल्या मुलीला असं हक्काचं माणूस मिळालं, की तिचा जीव तिथेच अडकतो. अनघाचा अडकला होता.

ते कापसाच्या पडत्या काळाचं वर्ष होतं. दिवाळीनंतर पुसदला महिला मंडळाचं प्रदर्शन होतं. फांदी स्वतः निवडायची म्हणून अनघा पहिल्यांदाच हजराबीच्या वावरात गेली, आणि पाण्याच्या घमेल्यासह तिने मलाही नेलं. देठ पाण्यात बुडवून कापायचा, ही तिला मिळालेली शिकवण.

वावर लालबुंद झालं होतं. एकूण एक पान लाल. पुण्यात फुलांच्या मांडणीच्या वर्गात तिने ऐकलं होतं की जपानी माणूस पानगळीची लाल पानं पाहायला लांब लांब जातो. ती लहान मुलीसारखी ओरडली, "अगंबाई! हजराबी, किती सुंदर दिसतंय हो! मी एक फांदी नेऊ?"

हजराबीचा नवरा गफ्फार बांधावर बसला होता, तो उठून निघून गेला. हजराबी म्हणाली, "न्या ना बाई. पाह्यजे तेवढी न्या."

मला तेव्हाच कळलं. फांदी माझ्यात उभी राहिली, पण तिने पाण्याचा घोटसुद्धा घेतला नाही. हिरवी फांदी कशी पिते ते मला पाठ आहे. ही आजारी होती. मी काय करणार? मला तोंड आहे ते नुसतं फुलं खोचायला.

पहिलं बक्षीस मिळालं. दुसऱ्या दिवशी दूध घेऊन हजराबी आली, तेव्हा मी फांदीसकट मेजावर होते. "बघा, तुमच्या शेतातली फांदी पहिली आली!" अनघा म्हणाली.

हजराबीने एक पान बोटांत धरलं. "बाई, याले लाल्या म्हनते. रोग हाय. बोंडं भरतच नाही. अख्खं वावर गेलं आमचं."

अनघाचा चेहरा उतरला. "मग तेव्हाच का नाही बोललात?"

"घरी आलत्या तुम्ही. अन् किती खूश झालत्या. काहून बोलू?"

त्यानंतरही दूध येत राहिलं, पण काड्या आल्या नाहीत. हजराबी भांडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती दूध ओतायची आणि जायची.

अनघाने मला टॉवेलात गुंडाळलं आणि एसटीत बसून वस्ती गाठली. काय बोलायचं ते वाटभर पुटपुटत होती, मी ऐकत होते. प्रत्यक्षात चहा घेतला, थंडीबद्दल बोलली आणि मला पुढे केलं. "हे तुम्हाला."

"मले कायच्या कामाची बाई?" हजराबी म्हणाली. तरी ठेवून घेतलं. माफी न मागताच अनघा परतीच्या एसटीत बसली.

कोंबड्यांनी मात्र मला पहिल्याच दिवशी आपलं मानलं. रोज सकाळी हजराबी त्यांच्यासाठी माझ्यात पाणी ओतायची. खरं सांगते, बक्षिसाच्या मेजापेक्षा तिथे मला जास्त बरं वाटलं.

उन्हाळा लागताच म्हैस विकली गेली. दुसऱ्या दिवशी कोंबड्या गेल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी गाठोडी बांधली गेली. हजराबीने मला उचललं, पदराने पुसलं आणि पुन्हा खाली ठेवलं. एवढं जड, फुटणारं ओझं कुठे न्यायचं? मला ते पटलं. पण तिची पाठ दिसेनाशी झाली तेव्हा मी फार कासावीस झाले.

दूध बंद झालं म्हणून अनघा धावत आली. दाराला कुलूप होतं. शेजारचा भावसिंग म्हणाला, "गेले ना बाई ते. निजामाबादकडं, वीटभट्टीवर. येतीन कधी, सांगता नाही येत."

तो गेल्यावर ती ओट्यावर बसली आणि त्या कुलपाकडे बघून म्हणाली, "हजराबी, मी तुमचं वावर बघितलं आणि तुमच्याकडे बघितलंच नाही. चुकले हो मी." मग खूप रडली. मला तिने परत नेलं नाही. "ही त्यांची आहे," एवढंच म्हणाली.

आता माझ्यात धूळ साचली आहे. चिमण्या काठावर बसतात, आत डोकावतात आणि उडून जातात. त्याचंही वाईट वाटतं, पण त्याहून वाईट हे, की अनघाचे ते शब्द ऐकणारी मी एकटी आणि मला इथून हलता येत नाही. तुम्ही कधी निजामाबादकडे गेलात आणि भट्टीवर हजराबी भेटली, तर तिला एवढं सांगा, की बाई येऊन 'चुकले' म्हणून गेल्या.