व्हर्नेल मावशीच्या कॉलरवरून

मी एक जुना माईक आहे. करंगळीच्या नखाएवढा, कॉलरला चिमट्याने लावतात तसला. माझ्या वायरीच्या दुसऱ्या टोकाला काड्यापेटीएवढी डबी आहे. ती कमरेला खोचायची. तिच्यावर एक बटण. बटण चालू, तर मी चालू.

मित्रांनो, मला डोळे नाहीत. मी सांगेन ते सगळं ऐकलेलं आहे. मधेच खरखर येईल. वयच झालंय. पण एखाद्या ठिकाणी ती मी मुद्दाम केलेली असेल, तर समजून घ्या.

टायवर

माझा कारखाना मला आठवत नाही. पहिलं आठवतं ते एका पास्टरचं धडधडणारं हृदय. शिकागोच्या दक्षिण भागात, एका बंद पडलेल्या फर्निचरच्या दुकानात भरणारं चर्च होतं. तिथे मी अकरा वर्षं पास्टरांच्या टायवर काढली. प्रवचनं, लग्नं, अंत्यविधी. समोरून लोक ओरडायचे, "सांगा, पास्टर, सांगा!" आणि ते जे सांगत ते माझ्यातूनच जाई. मला फार मोठं झाल्यासारखं वाटे.

एकदा ते मला चालू ठेवूनच आतल्या खोलीत गेले. कोंबडीच्या शेवटच्या तुकड्यावरून त्यांचं बायकोशी झालेलं भांडण साऱ्या चर्चने ऐकलं. त्या रविवारी शेवटची प्रार्थना कुणालाच धड म्हणता आली नाही.

मग नवा माईक आला. मी जुन्या हातपंख्यांच्या खोक्यात गेलो. चार वर्षं अंधार. अंधार मला एरवीही असतोच, पण ती शांतता वेगळी होती.

खोकं उघडलं ते व्हर्नेल मावशीने. ती चर्चच्या दाराशी पांढरे हातमोजे घालून लोकांना जागा दाखवायची.

"हा टाकताय होय? द्या इकडे. माझी भाची कॉम्प्युटरवर नाटकं करते. तिचा आवाज म्हणजे विहिरीतून आल्यासारखा येतो."

मी ती नव्हे

भाचीचं नाव रनिटा. एका विमा कंपनीत नोकरी. त्या मजल्यावर काळ्या बायका दोनच. एक रनिटा, तिशीची, उंच. दुसरी पन्नाशीची, ठेंगणी. तरी साहेब रोज एकीला दुसरीच्या नावाने हाक मारी. कुणी न विचारताच तिच्या केसांना हात लावी आणि म्हणे, "अय्या, मऊ आहेत की!" रनिटा घरी येऊन ते सगळं लिहून काढी. त्याचे सात-सात मिनिटांचे भाग ती आणि तिची मैत्रीण टोया शनिवारी चित्रित करत आणि इंटरनेटवर टाकत. मालिकेचं नाव 'मी ती नव्हे'. नायिका रनिटाच.

बघणारे थोडे होते, पण हसणारे होते. एकाने खाली लिहिलं होतं, "आवाज काय स्वच्छ आहे!" टोयाने ते मोठ्याने वाचून दाखवलं. माझी स्तुती करणारं माझ्या आयुष्यातलं ते एकमेव वाक्य.

मग मे महिना आला. मातृदिनाचा भाग. रनिटाची आई, लोरेन, रनिटा नऊ वर्षांची असताना गेली. वाढवलं लोरेनच्या धाकट्या बहिणीने, म्हणजे व्हर्नेल मावशीने. मे आला की रनिटा गप्प होई. या वर्षी तिने गप्प बसण्याऐवजी लिहिलं: मुलाखतीच्या आदल्या दिवशी मावशी स्वयंपाकघरात नायिकेचे केस सरळ करून देते. बस, एवढंच. मावशीचं काम मावशीनेच करायचं.

"दुसऱ्या कुणाला घेऊन मी हा भाग करणार नाही," रनिटा टोयाला म्हणाली. "जमलं नाही तर मालिका इथेच संपली."

टेक एक

मावशीने रविवारचा ड्रेस घातला होता. त्याला कुणी हात लावायचा नाही, म्हणून मला तिने स्वतःच लावलं आणि डबी स्वतःच खोचली. गॅसवर केस सरळ करायचा लोखंडी कंगवा तापत होता. तो फिरवताना कान भाजू नये म्हणून कान दुमडून धरायचा असतो.

"रनिटा, उद्याच्या मुलाखतीसाठी तुला माझ्या हार्दिक शुभेच्छा आहेत."

"मावशी, हे काय?"

"तू लिहिलंयस तेच."

"मी लिहिलंय, 'कान धर, आणि उद्या तिथे तोंडात मूग धरून बसू नकोस.'"

"तेच म्हटलं. जरा नीट म्हटलं."

टेक चार

"कृपया आपला कान धरावा."

टोयाचं हसू नाकातून फुटलं. ते माझ्यात आहे.

टेक नऊ

मित्रांनो, हा मावशीचा फोनवरचा आवाज होता. वीज कंपनीशी, डॉक्टरांशी, शाळेच्या मुख्याध्यापकांशी बोलायचा. गुळगुळीत, इस्त्री केलेला. तिचा दुसरा आवाज मी चर्चच्या भटारखान्यात ऐकला होता. पण कॅमेरा समोर आला की तिला पलीकडून कुणीतरी फोन उचलल्यासारखं वाटे.

"बंद कर, टोया," रनिटा म्हणाली. "नाही जमत. सोडून देऊ."

टोयाने कॅमेरा बंद केला. "मिस व्हर्नेल, तुम्ही थकलात. मी खाली जाऊन खायला आणते." दार वाजलं. खुर्ची सरकली.

"बस खाली," मावशी म्हणाली.

"राहू दे गं."

"अर्धं डोकं सोडून कुणी उठतं का? एक बाजू लग्नाला निघालेली, एक बाजू आत्ता अंथरुणातून उठलेली. बस म्हणते ना!"

रनिटा बसली. माझं बटण चालूच होतं. टेबलाखालचं रेकॉर्डिंगचं यंत्रही.

बटण चालूच

"कान धर."

"आई गं! भाजलं!"

"वाफ आहे ती. कंगवा अजून लांब आहे. लहानपणापासून नाटकी."

"मावशी, तो फोनवरचा आवाज तू शिकलीस कुठे?"

कंगवा परत गॅसवर टेकल्याचा आवाज आला.

"मोठ्या दुकानात लागले होते, तक्रारींच्या फोनवर. एकोणीस वर्षांची. गिऱ्हाईकं म्हणायची, काय गोड बाई आहे! एक म्हातारी तर दर मंगळवारी फोन करायची. तक्रार काही नाही, नुसत्या गप्पा. एक दिवस केक घेऊन दुकानात हजर! म्हणाली, मिस व्हर्नेलना बोलवा. म्हटलं, मीच. तर माझ्या काळ्या चेहऱ्याकडे बघून म्हणते, 'नाही गं, तू नव्हे. ती दुसरी.'"

"मग?"

"मग काय! त्याच आवाजात म्हटलं, 'मॅडम, ती दुसरी आज रजेवर आहे.' आणि केक ठेवून घेतला. फोनवर बसणाऱ्या आम्ही तिघींनी तो मागच्या जिन्यात बसून खाल्ला. कोरडा ठक्क होता मेला."

रनिटा हसली. आधी तोंडाने, मग नाकाने, मग तिला श्वास घेता येईना.

"हलू नकोस, कान जाईल! हसतेय बघा. तू आत्ता लिहायला लागलीस. मी ते चाळीस वर्षांपूर्वी करून बसलेय. तुझी आई रोज मला घरी आल्यावर त्या आवाजात बोलायला लावायची. 'व्हर्नी, ती दुसरी होऊन दाखव.' आणि अशीच लोळायची."

यानंतर चर्चमधल्या सिस्टर डोलोरिसच्या पीच घालून केलेल्या गोड पदार्थाबद्दल एक वाक्य आहे.

(खरखर.)

बंद

बटण बंद असलं तरी मला ऐकू येतं. फक्त पुढे पोहोचवता येत नाही. दुसऱ्या दिवशी, चर्च सुटल्यावर, मी मावशीच्या टेबलावर तसाच पडलो होतो. रनिटाला ते न विचारता टाकता आलं असतं. पण त्या घरात एक नियम होता: घरातलं घरात. तिने कॉम्प्युटर उघडला आणि सगळं लावलं.

"ही कोण बोलतेय?" मावशीने विचारलं.

"तू."

"मी अशी बोलते? शेतातून आल्यासारखी?" खुर्ची करकरली. "पूस ते. लोकांना मी जन्मभर दुसरा आवाज दिला. हा एवढाच माझ्याकडे ठेवला होता. तो काय चव्हाट्यावर मांडायचा?"

"बरं," रनिटा म्हणाली. वाद नाही, विनवणी नाही. "पुसते, मावशी."

"थांब."

मावशीने खुर्ची जवळ ओढली.

"ते हसण्याचं परत लाव."

रनिटाने लावलं. मावशीने ते तीनदा ऐकलं.

"मला वाटलं, लोरेनच," ती म्हणाली. "फोटो आहेत तिचे ढीगभर. आवाज कुठेच नाही. आणि हा इथे, तुझ्या नाकात." तिने नाक पुसलं. "राहू दे. दाखव सगळ्यांना. पण डोलोरिसचं तेवढं काप. ती बाई दर रविवारी दारात माझ्याच शेजारी उभी असते."

त्या भागात चित्र म्हणाल तर गॅसवरचा कंगवा आणि अर्धवट डोकं. बाकी नुसते दोन आवाज. खाली बायकांनी लिहिलं, "माझ्या आजीचाही फोनवरचा आवाज वेगळाच." मालिका पुढे चालली. टोयाने नवे माईक आणले. माझी वायर कुणीतरी आवळून गुंडाळली, ती आतून तुटली. आता मी मावशीकडे बिस्किटांच्या डब्यात असतो. आत बिस्किटं नाहीत. सुया, दोरे, बटणं आणि मी.

मित्रांनो, वायर सैल गुंडाळा. जुनं यंत्र ओलाव्यात ठेवू नका. आणि तुमच्या घरात कुणी फोन ठेवल्यावर वेगळ्या आवाजात बोलत असेल, तर तो आवाज ते माणूस आहे तोवर ऐकून ठेवा. त्याला विचारूनच ठेवा. यंत्र नसलं तर कान आहेत.

परवा मावशीने बटण शोधायला डबा उघडला. मी हाताला लागलो. तिने मला घरातल्या झग्याच्या कॉलरला लावलं. माझी डबी रिकामी आहे, आत सेल नाही, हे तिला माहीत आहे. तरी तिने माझं बटण दाबलं. मग घसा साफ केला. मला वाटलं, आता तो इस्त्रीचा आवाज येणार.

"लोरेन," ती म्हणाली, आपल्या आवाजात, शेतातून आल्यासारख्या. "ऐकतेस ना? तुझी पोरगी..."

पुढचं मी सगळं ऐकलं. पण मित्रांनो, घरातलं घरात.