बिनधुराचा कोळसा

भट्टीतल्या बंद नळीत लिग्नाइट कोळसा तापत होता आणि हेमकांतचा फोन वाजला. रनाळ्याहून वडील, आप्पा. थंडी वाढली आहे, रविवारी येशील तेव्हा तो बिनधुराचा कोळसा पोतंभर आण, एवढंच म्हणाले.

बरं, म्हणून त्याने फोन ठेवला. नवापूरच्या त्या खासगी प्रयोगशाळेत त्याचं कामच ते. कच्छचा लिग्नाइट, चंद्रपूरचा दगडी कोळसा, बंदरावर उतरलेला परदेशी. जो येईल तो तापवायचा, सुटलेला वायू पिशवीत धरायचा आणि त्यात काय काय आहे ते यंत्राला विचारायचं. यंत्राने आलेखावर कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूचा सुळका काढला. पूर्वी हा आकडा तो चहा पीत पीत लिहायचा. आता चहा तसाच निवतो. रडू येत नाही, राग येत नाही, काहीच येत नाही.

तापवून उरलेला कोळसा धूर करत नाही, म्हणून तिथली मंडळी तो शेगडीसाठी घरी नेतात. गेल्या पौषात हेमकांतनेही नेला. त्याच्या आईला, जमनाबाईंना, धुराने खोकल्याची उबळ यायची. निखाऱ्यातून विषारी वायू निघतो, त्याला रंग नाही, वास नाही, खिडकी उघडी ठेवा, असं त्याने बजावलंही होतं. पण आप्पांचं, म्हणजे भाईदासांचं, गणित सरळ: धूर नाही, मग खिडकी कशाला? शेतपंपाला रात्रीची लाइट होती. गव्हाला पाणी द्यायला निघताना बायकोला गारठा लागू नये म्हणून त्यांनी खोलीत शेगडी पेटवली आणि खिडकी घट्ट लावली. सकाळी जमनाबाई उठल्याच नाहीत. झोपेत गेली, पुण्यवान बाई, असं गाव म्हणालं. आप्पा तर येईल त्याला सांगतात, मी खिडकी लावून गेलो होतो, जाताना तिला थंडी वाजली नाही. हेमकांत मान खाली घालून ऐकतो.

रविवारी तो रिकाम्या हातानेच गेला. शेगडी घासूनपुसून ओट्यावर तयार होती.

"कोळसा कोठे शे?"

आता गप्प राहून चालणार नव्हतं. आप्पांनी कुणाकडूनही कोळसा आणला असता आणि खिडकी लावून घेतली असती.

"घरमा शेगडी पेटाडू नका, आप्पा. तेन्हामुळेच माय गयी."

म्हाताऱ्याची नजर हळूहळू खिडकीकडे वळली. 

"खिडकीनं काय नही," चुकीचा कोळसा आणल्याचा दोष स्वतःवर घेत हेमकांत घाईने खोटं बोलला. "मीच भलता कोळसा लई ऊनू."

आप्पांनी खिडकीवरून नजर काढून त्याच्याकडे बघितलं.

"तू त शिकेल माणूस शे ना?"

 हेमकांतने जाड रजई काढून खाटेवर ठेवली, शेगडी उचलली आणि निघाला. अंगणाच्या फाटकाशी पोचला तेव्हा मागून हाक आली.

"तरी तिले थंडी त नही वाजनी ना?"

"नही, आप्पा. नही वाजनी."

फाटक लावून तो बसथांब्याकडे चालू लागला. शेगडीचं लोखंड हाताला गार लागत होतं.