इंजिनावरची काजळी

संध्याने मागचं दार उघडलं तेव्हा आई चिंचेचा कोळ आणि मीठ घेऊन बाबांचं रॉकेट इंजिन घासत बसली होती.

घागरीएवढं, तांब्याचं, कमरेत आवळलेलं ते इंजिन. तमिळनाडूतल्या सरकारी चाचणी केंद्रात बाबांनी सारी नोकरी काढली. तिथे पेटवून पाहताना हे कुशीला फाटलं आणि मोडीत निघालं. निवृत्त झाल्यावर सहकाऱ्यांनी तेच त्यांना भेट दिलं आणि ते अमरावतीला आलं. आता बाबा नव्हते, आणि हैदराबादची एक खाजगी कंपनी ते मागत होती. नव्या इंजिनांसाठी कंपनीत मोठी गुंतवणूक आली होती. कंपनीला अवकाश-इतिहासाचं दालन उभारायचं होतं. दाराशीच हे इंजिन, खाली बाबांचं नाव. ते नाव तिथे लागावं, एवढंच संध्याला हवं होतं.

“आई, काय करून राहिली तू? काजळी जशीच्या तशी पाहिजे म्हणून सांगितलं होतं त्यांनी.”

“आयकलं होतं मी.” ललिताबाईंचा हात थांबला नाही.

“घरातलं भांडं आहे का ते?”

“नाही. भांड्याले एवढं घासा लागत नाही.”

संध्याने कोळाची वाटी उचलून घेतली. तेवढ्यात बेल वाजली.

इंजिन बघायला आलेली आरती त्याच कंपनीत अभियंता होती, मूळची अकोटची. मागच्या अंगणात येताच तिची नजर घासून चकाकणाऱ्या पट्ट्यावर गेली.

“काजळी गेली की, ताई.”

“चुकलं आमचं,” संध्या खाली बघत म्हणाली.

“फटीपाशी पाह्य पोरी,” ललिताबाई म्हणाल्या.

आरती वाकली. तांब्यावरून तिचं बोट सावकाश फिरलं आणि थांबलं.

“इथला जोड अर्धवट भरलाय. फाटलं ते इथूनच.”

“बाबा तर इंधनाचा दाब वाढला म्हणायचे,” संध्या म्हणाली.

“लेकरायले तसं सांगत. जोड त्याईचाच होता. घाई केली होती त्या दिवशी.” ललिताबाईंनी पदराला हात पुसले. “काजळीखाली झाकलं गेलं ते बरं झालं, असं एकदा म्हणाले मले. अन् मंग रातभर झोपले नाही.”

संध्याच्या हातात वाटी तशीच होती.

“काकू, दालन बघायला गुंतवणूकदार येणार,” आरती जपून म्हणाली. “नुसतं ‘चाचणीत फुटलेलं इंजिन’ असं लिहू. उगाच साहेबांचं नाव खराब कशाला?”

“तुमच्याकडचे जोड कोण तपासते?”

आरतीने फटीवरचं बोट मागे घेतलं. “मीच.”

“मंग तुले तरी दिसलं पाहिजे ना.”

संध्या आरतीकडे वळली.

“पाटीवर लिहा. जोड अपुरा राहिल्याने चाचणीत फुटलेले इंजिन. जोड करणारे, मोतीराम तायडे.”

“नावासकट?”

“नावासकट. नाहीतर इंजिन इथंच राहील.”

आरतीने मान हलवली, आणि पुन्हा त्या फटीकडे पाहत राहिली. जोडाचं खालचं टोक अजून काळं होतं. संध्या आईशेजारी उकिडवी बसली, वाटी खाली ठेवली.

“सरक थोडी,” ती म्हणाली, आणि चिंचेत बोटं बुडवली.