आठवा खिळा

मित्रांनो, मी एक जुनी सागवानी फळी आहे. माझ्या अंगावर आठ खिळे आहेत. लातूरच्या एका सुताराने मला वीजदुरुस्तीच्या पथकासाठी घडवले. सात वायरमन आणि त्यांचे अभियंता रेणुकादास, असे ते पथक. खांबावर चढण्याआधी प्रत्येक वायरमनने आपला पितळी बिल्ला आपल्या खिळ्यावर अडकवायचा आणि उतरल्यावर आपल्याच हाताने काढायचा. सातही खिळे रिकामे झाल्याशिवाय तारेत वीज सोडायची नाही.

आठवा खिळा साहेबांचा. सुताराने तो मानाने ठोकला होता, पण साहेबांचा बिल्ला कायम खिशातच असे. मुकादम धोंडप्पा त्यावरून हसायचे. "साहेब, तुमी कवा चढणार खांबावर? त्याला टोपी तरी लावा."

मग त्र्याण्णवचा भूकंप झाला. पथक किल्लारीकडे धावले. मला जीपला टांगले होते. काल जिथे घरे होती, तिथे दगडांचे ढीग होते. तिसऱ्या दिवशी दुपारी तंबूतल्या दवाखान्याला वीज हवी होती. डॉक्टरांचा माणूस दोनदा विचारून गेला. रेणुकादास तीन दिवस झोपले नव्हते. त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि म्हणाले, "फळी रिकामी आहे. सोडा वीज."

धोंडप्पा हलले नाहीत. "साहेब, व्यंकटीचा बिल्ला हाय की. त्यो वरच हाय अजून."

बिल्ला उन्हात चमकत होता. रेणुकादासांनी तो बोटाने चाचपून पाहिला. मग खिशातून स्वतःचा बिल्ला काढून आठव्या खिळ्यावर अडकवला.

"हा इथे आहे तोवर माझा हुकूम कुणी ऐकायचा नाही. तुम्ही सांगाल तसं."

"मंग झोपा," धोंडप्पा म्हणाले.

व्यंकटी उतरला, बिल्ला घेऊन गेला. तंबूत दिवा लागला, तेव्हा साहेब जीपच्या सावलीत गाढ झोपले होते. खांबावर चढणारी माणसे मी रोज पाहत होते. पण आपण दमलो, हे सगळ्यांसमोर मान्य करणारा साहेब मी प्रथमच पाहिला. पुढे रोज दुपारी अर्धा तास तो बिल्ला तिथे लागे. तेवढा वेळ साहेबांना कुणी हाक मारत नसे आणि काम अडतही नसे.

त्यांची नोकरी संपली आणि पथकाने मला त्यांच्या घरी पोचवले. दारामागे माझ्यावर छत्र्या आल्या, किल्ल्या आल्या, धूळ आली. गल्लीत डॉक्टर व्हायच्या शिकवण्यांना आलेल्या मुलांच्या सायकली वाढल्या. बिल्ल्याची गोष्ट ऐकत वाढलेली साहेबांची मुलगी भार्गवी अशाच एका शिकवणी वर्गाच्या संगणक विभागाची प्रमुख झाली.

यंदा रेणुकादास गेले. चौथ्या दिवशी भार्गवीने माझ्यासमोरच्या टेबलावर कामाचा संगणक उघडला. प्रत्येक फोन तीच घेई. रडणे नाही, झोप नाही.

आज दुपारी तिच्या हाताखालच्या ऋतुजाचा फोन आला. "ताई, उद्याच्या चाचणीला तुम्ही मागच्याच पेपरची उत्तरं जोडलीत. मी थांबवलंय. हजारो पोरांचे मार्क चुकले असते."

"मी दोनदा तपासलं होतं गं."

"हाव ताई. दोन्ही वेळा तुम्हीच ना?"

भार्गवी फोन कानाला धरूनच उठली. तिने माझ्यावरची छत्री काढली, ओढणीने धूळ पुसली. वडिलांच्या खणातून बिल्ला आणून आठव्या खिळ्यावर अडकवला आणि कपाळ माझ्या लाकडाला टेकले. लाकूड ओले झाले.

"ऋतुजा, आता तू सांगशील तसं."

"मग झोपा, ताई."

मित्रांनो, चार माणसे सांभाळणाऱ्याने एक खिळा स्वतःसाठीही राखावा, एवढेच माझे मागणे. आणि आता जरा हळू बोला. बिल्ला अजून खिळ्यावरच आहे.