बारा कुलपं, एक किल्ली

थोरल्यांनी टेबलावर नवी कुलपं ओतली तेव्हाच धाकटीच्या कपाळाला आठी पडली. डझनभर लाल कुलपं, प्रत्येकाला वेगळी किल्ली, आणि प्रत्येकाच्या अंगावर ताजे ओरखडे. सकाळी सातला येऊन थोरल्यांनी ती जिन्याच्या पायरीवर घासली होती, जुनी दिसावीत म्हणून. एरवी हा माणूस स्वतःचा चहाचा कप उचलून ठेवत नाही, पण लबाडी करायची म्हटली की अंगात कुठून बळ येतं कोण जाणे.

"ही कुलपं आपण चार महिन्यांपूर्वी वाटली," थोरले म्हणाले. "रजिस्टरात तशी नोंद कर आणि खाली सही ठोक. कारखाने खात्याच्या इन्स्पेक्टरबाई अकराला येतायत."

"आपण वाटलेली कुलपं ही नाहीत, भाऊजी."

"मला शिकवू नकोस."

थोरले म्हणजे धाकटीचे मोठे दीर आणि हॉस्पिटलांच्या चादरी धुणाऱ्या या लाँड्रीचे मालक. चार अवाढव्य मशीन, वाफेने सदा ओल्या भिंती, कामाला अठरा बायका आणि दुरुस्तीला एक मिस्त्री. धाकटीचा नवरा गाडीतून चादरी आणायचा-पोचवायचा, आणि भावापुढे तोंड उघडायचा ते फक्त जांभई द्यायला. धाकटी ऑफिस बघायची. सुरक्षेला जबाबदार असा एक शिकलेला माणूस कायद्याने नेमावाच लागतो, हे कळल्यावर थोरल्यांनी तिलाच तीन महिन्यांच्या कोर्सला धाडलं. बाहेरचा माणूस ठेवला तर तो पगार मागेल, वर प्रश्न विचारेल. घरची सून दोन्ही करणार नाही. सर्टिफिकेट फ्रेम करून ऑफिसच्या भिंतीवर लावलं आणि त्या दिवसापासून तिला 'कायदेबाई' म्हणून चिडवायला मोकळे झाले.

ही कायदेबाई कोर्समधून एक गोष्ट मात्र मनापासून शिकून आली. मशीनमध्ये जो हात घालणार, त्याने आधी भिंतीवरचा मेन स्विच पाडायचा, त्याला स्वतःचं कुलूप लावायचं आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवायची. मग कुणाच्या बापाला ते मशीन चालू करता येत नाही. तिने कुलपं मागितली. थोरल्यांनी बाजारातून सगळ्यांत स्वस्त असा लाल कुलपांचा खोका आणला, आणि तुझ्या हट्टापायी काय काय करावं लागतं, हे आठवडाभर ऐकवलं.

पुढे त्या कुलपांचा त्यांना स्वतःलाच भलता उपयोग सापडला. बायका आपली पाठ वळली की घरचे कपडे फुकटात धुऊन घेतात, असा त्यांना कायमचा संशय. म्हणून संध्याकाळी जाताना ते चारही मशीनचे स्विच पाडून कुलपं लावायचे आणि सकाळी येऊन काढायचे. माणसाचा हात वाचावा म्हणून आणलेली कुलपं अशी परकर-पोलक्यांवर पहारा करायला बसली.

तीन आठवड्यांपूर्वी मिस्त्री हसत हसत ऑफिसात आला होता. "ताई, गंमत बघा. माझी किल्ली तुमच्या कुलपाला लागते." धाकटीने बाराही कुलपं गोळा करून टेबलावर मांडली आणि त्याची किल्ली एकेकाला लावून पाहिली. बाराच्या बारा उघडली. तिने तिथल्या तिथे पत्र लिहून थोरल्यांपुढे ठेवलं. त्यांनी वाचलं, कोपऱ्यात 'पाहिले' असं लिहून सही केली, तारीख घातली आणि म्हणाले, "मग सोयच झाली की. एक किल्ली हरवली तर अकरा आहेत." ऑफिसातला हिशेबनीस हसला. नवराही हसला. कुलपं पुन्हा ज्याची त्याच्याकडे गेली आणि धाकटी गप्प बसली.

काल सकाळी दहाला चार नंबरच्या मशीनचा पट्टा बदलायला मिस्त्री मागच्या बाजूला शिरला. शिरण्याआधी त्याने स्विच पाडला, कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली. सगळं नियमाने. मग थोरले फेरी मारत आले. तीन मशीन धडधडतायत आणि चौथ्याला कुलूप. सकाळी आपणच काढायचं विसरलो, असं त्यांना वाटलं. त्यांनी खिशातली किल्ली लावली, ती लागली, म्हणजे कुलूप आपलंच. त्यांनी स्विच वर केला आणि मशीन सुरू केलं. मागून जो आवाज आला तो ऐकून घडी घालणाऱ्या बायका चादरी टाकून धावल्या. मिस्त्रीच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली आणि मनगटाचा चुरा झाला.

आज आठ वाजता त्याच्या बायकोचा हॉस्पिटलातून फोन आला होता. तिने फोन मिस्त्रीच्या कानाला लावला. औषधाने त्याची जीभ जड झाली होती. "ताई, मी कुलूप लावलं होतं. मालक सगळ्यांना सांगतायत की लावलं नव्हतं. तुम्ही खरं सांगाल ना?" धाकटी म्हणाली, सांगते.

आता थोरले तिला तेच सांगू नको म्हणत होते. टेबलाच्या पलीकडे त्यांनी बोलावलेले वकीलसाहेब पेनाचं टोपण चावत बसले होते आणि नवरा दाराशी उभा होता, गाडीची किल्ली या हातातून त्या हातात करत.

"सोपं आहे, बाई," वकील म्हणाला. "प्रत्येकाला वेगळं कुलूप दिलेलं होतं. मिस्त्रीने ते लावलंच नाही. निष्काळजीपणा त्याचा. मग भरपाईचा प्रश्न येत नाही, खटल्याचाही येत नाही. फक्त रजिस्टर पाहिजे आणि तुमची सही."

"त्याने लावलं होतं. भाऊजींनी ते स्वतःच्या हाताने काढलं."

"कुणी पाहिलं?" थोरल्यांनी विचारलं.

"तुम्ही."

थोरल्यांनी टेबलावर हात आपटला. दोन कुलपं खाली पडली. "माझ्या घरात राहायचं आणि माझ्यावरच उलटायचं? त्या मिस्त्रीशी तुझं नातं काय?"

धाकटीच्या अंगाचा तिळपापड झाला. तिने पर्स उघडली आणि तीन आठवड्यांपूर्वीच्या पत्राची झेरॉक्स वकिलापुढे टाकली. थोरल्यांचं 'पाहिले', थोरल्यांची सही, थोरल्यांनी घातलेली तारीख. थोरल्यांच्या तोंडचं पाणी पळालं. ते बघून तिला बरं वाटलं, खरंच फार बरं वाटलं. इतकी वर्षं या माणसाची बोलणी खाल्ली होती तिने.

वकिलाने कागद दोनदा वाचला आणि मागे रेलला. "छान लिहिलंय. 'या कुलपांमुळे एखाद्या दिवशी कुणाचा तरी हात जाईल.' म्हणजे तुम्हाला माहीत होतं."

"हो. म्हणून तर लिहिलं."

"मग कुलपं तुमच्याकडेच का नाही ठेवलीत? मशीन का नाही बंद पाडलीत?" त्याने टोपणाने भिंतीवरच्या सर्टिफिकेटकडे खूण केली. "धोका दिसला तर काम थांबवायचा अधिकार कायद्याने तुमचा आहे, बाई. मालकाची परवानगी लागत नाही. हा कागद बाहेर गेला तर गुन्ह्यात पहिलं नाव तुमचं लागेल. यांचं दुसरं. तुरुंगाची तरतूद आहे, गंमत नाही."

धाकटीचा समज होता की हा कागद तिची ढाल आहे. थोरल्यांच्या चेहऱ्यावर रंग परत आला. "आता बोल, कायदेबाई."

"अगं, करून टाक ना सही," दाराकडून नवरा म्हणाला. "मिस्त्रीचं आपण बघू काहीतरी."

"काय बघणार? बोटं आणून देणार?"

नवऱ्याने मान खाली घातली. लग्नानंतर पहिल्यांदाच धाकटीला त्याची कीव आली नाही, किळस आली.

अकराच्या आधीच इन्स्पेक्टरबाई आल्या. बारीक चणीच्या, पायात रबरी बूट, काखेत फाइल. चहा नको म्हणाल्या. आधी खाली जाऊन मशीन पाहून आल्या, मग टेबलावरचं एक कुलूप उचललं, दुसरं उचललं, तिसरं उचललं. "चार महिने वापरलीत म्हणता, आणि ओरखडे सगळ्यांवर एकाच बाजूला?" थोरले म्हणाले की कामगार आडदांड आहेत, कुलपं कशीही आपटतात. बाईंनी मान डोलावली आणि विचारलं, "सुरक्षेचं कोण बघतं?"

"ही आमची धाकटी. घरचीच आहे," थोरले म्हणाले, आणि 'घरचीच' या शब्दावर असा जोर दिला की भिंतीलाही धमकी कळावी.

धाकटी उठून उभी राहिली. रजिस्टर तिच्यापुढे उघडं होतं, सहीची जागा कोरी होती. तिने ते मिटलं. "ही कुलपं अपघातानंतर आणलीत," ती म्हणाली. "कामगारांना दिलेली सगळी एकाच किल्लीने उघडतात. मिस्त्रीने कुलूप लावलं होतं. यांनी ते आपलं समजून काढलं आणि मशीन चालू केलं." तिने वकिलापुढची झेरॉक्स उचलून पुढे केली. "मला हे तीन आठवड्यांपासून माहीत होतं."

बाईंनी कागद वाचला. त्या चिडल्या नाहीत, गोड बोलल्या नाहीत. फक्त पेन उघडून विचारलं, "मग तुम्ही काम का थांबवलं नाहीत?"

वकील खोकला. "बाई, उत्तर देऊ नका."

धाकटीने उत्तर शोधलं. अधिकार माहीत नव्हता असं म्हणता आलं असतं, पण तो तिने परीक्षेत लिहून पैकीच्या पैकी गुण मिळवले होते. वेळ मिळाला नाही असं म्हणता आलं असतं. तीन आठवडे.

"भाऊजी ओरडतील म्हणून," ती म्हणाली.

बाईंनी ते तसंच्या तसं लिहून घेतलं.

आणि थोरले ओरडले. घर फोडणारी, खाल्ल्या ताटात घाण करणारी, उद्यापासून दोघांनी घराची पायरी चढायची नाही, वडिलांनी कुठल्या घरातली मुलगी करून आणली देव जाणे. खाली बायकांचे हात थांबले, त्या माना वर करून ऐकू लागल्या. नवरा भिंतीला चिकटला. धाकटी उभी होती. तिचे कान तापले. मग थोरल्यांना दम लागला, ते खुर्चीत बसले आणि पाणी मागू लागले.

चार मिनिटं झाली असतील, फार तर पाच. ती जिवंत होती, हातपाय धड होते. याच चार मिनिटांना भिऊन तिने मिस्त्रीची बोटं जाऊ दिली होती. बाईंनी जबाबाचा कागद तिच्याकडे सरकवला आणि तिने सही केली.